शिक्षापद आणि प्रमाणपत्र : प्रयोगशाळेतील प्राणी हाताळणाऱ्यांच्या सक्तीच्या प्रशिक्षणाची समीक्षा

वर्षावासातील ग्रंथवाचन संपल्यावर एका तरुण उपासिकेने आम्हांस विचारलेल्या प्रश्नातून प्रस्तुत लेख जन्मास आला आहे. ही मुलगी औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. ती म्हणाली, "सर, मी रोज सकाळी पंचशील ग्रहण करते. प्राणिहत्येपासून विरत राहण्याचे पहिले शिक्षापद घेते. पुढच्या आठवड्यापासून मला उंदरांवर औषधाची चाचणी करायची आहे. त्यासाठीचे दोन दिवसांचे प्रशिक्षण झाले, प्रमाणपत्रही मिळाले. आता पहिले शील मी कोणत्या तोंडाने म्हणू?"

आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते. प्रयोग सोडून दे, असे तिला सांगणे सोपे होते. परंतु ज्या समाजाने तीन पिढ्या झगडून आपली मुले विज्ञानाच्या दारापर्यंत आणली, त्या समाजातील एका मुलीस ते दार पुन्हा बंद करावयास सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. उलट, प्रमाणपत्र मिळाले म्हणजे शंका मिटली, असे म्हणणे ही धम्माशी प्रतारणा झाली असती. म्हणून आम्ही या प्रशिक्षणाचा अभ्यासक्रमच वाचावयास घेतला. पालि वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने त्याच्या पारिभाषिक बाजूवर मत देऊ नये हे आम्ही जाणतो. परंतु 'शिक्षण' या शब्दाचा अर्थ काय, हा प्रश्न आमच्याही क्षेत्रातला आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. जिवंत प्राण्यांवरील प्रयोगांचे नियमन करणारा पहिला कायदा इंग्लंडमध्ये १८७६ साली झाला. त्याची जागा घेणाऱ्या १९८६ च्या कायद्याने प्रयोग करणाऱ्या प्रत्येक व्यक्तीस वैयक्तिक परवाना आवश्यक ठरविला. त्याच वर्षी युरोपीय समुदायाने आपल्या निर्देशात अशा व्यक्तींना योग्य शिक्षण व प्रशिक्षण असलेच पाहिजे असे म्हटले. अमेरिकेच्या प्राणिकल्याण कायद्यात १९८५ च्या दुरुस्तीने प्रशिक्षणाची जबाबदारी संस्थांवर टाकली. २२ सप्टेंबर २०१० रोजी युरोपीय संघाने जुन्या निर्देशाच्या जागी नवा निर्देश आणला आणि या प्रशिक्षणाला आजवरचे सर्वांत सुस्पष्ट रूप मिळाले. आमच्या समीक्षेचा मुख्य विषय हाच अभ्यासक्रम आहे.

या निर्देशाने माणसांची चार कामे वेगळी केली आहेत : प्राण्यांवर प्रत्यक्ष प्रयोग करणे, प्रयोगाची आखणी करणे, प्राण्यांची निगा राखणे आणि प्राणी मारणे. यांपैकी कोणतेही काम करणारा माणूस प्रशिक्षित असला पाहिजे आणि त्याची पात्रता सिद्ध होईपर्यंत त्याने देखरेखीखालीच काम केले पाहिजे. शिकवावयाच्या विषयांची यादी अकरा कलमांची आहे. तीत देशाचा कायदा, त्या त्या जातीच्या प्राण्याची शरीररचना व स्वभाव, निवारा, हाताळणी, आरोग्य, वेदना ओळखणे, भूल व वेदनाशमन, मारण्याच्या पद्धती आणि प्रयोग कोठे थांबवावा याची सीमा हे विषय आहेत. विशेष म्हणजे दुसरेच कलम नीतीचे आहे. जीविताचे स्वतःचे मूल्य, आणि प्राण्यांच्या वैज्ञानिक वापराच्या बाजूचे व विरुद्ध बाजूचे युक्तिवाद शिकवावेत, असे त्यात म्हटले आहे. ज्या उद्योगाला परवानगी द्यावयाची, त्याच्या विरुद्ध बाजूचा युक्तिवादही शिकवा, असे सांगणारा कायदा विरळा. या प्रामाणिकपणाची नोंद आम्ही आधीच करतो.

या अभ्यासक्रमाच्या मुळाशी १९५९ साली लंडनला प्रसिद्ध झालेला एक ग्रंथ आहे. प्राणिशास्त्रज्ञ विल्यम रसेल आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रेक्स बर्च हे त्याचे लेखक. शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरावे, प्राण्यांची संख्या घटवावी आणि पद्धत सुधारून त्यांचे दुःख कमी करावे, ही त्रिसूत्री त्यांनी मांडली. त्यांनी केलेला एक भेद अधिक महत्त्वाचा आहे. प्रयोगाच्या प्रक्रियेतून अपरिहार्यपणे होणारे क्रौर्य वेगळे, आणि प्रयोगासाठी मुळीच गरज नसताना अज्ञानाने, गैरसोयीने, हलगर्जीने होणारे आनुषंगिक क्रौर्य वेगळे. प्रशिक्षणाचा खरा उपयोग या दुसऱ्या क्रौर्याच्या बाबतीत होतो.

त्याची उदाहरणे साधी, पण बोलकी आहेत. उंदीर शेपटीला धरून उचलावा, ही प्रयोगशाळांची जुनी सवय. २०१० साली लिव्हरपूल विद्यापीठातील जेन हर्स्ट व रिबेका वेस्ट यांनी दाखवून दिले, की शेपटीऐवजी ओंजळीत किंवा छोट्या नळीत घेऊन उचलल्यास उंदराची भीती पुष्कळ कमी होते. त्याच वर्षी कॅनडातील मॅकगिल विद्यापीठातील संशोधकांनी उंदराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. मिटलेले डोळे, फुगलेले नाक व गाल, कानांची ठेवण आणि मिशांची दिशा एवढ्यांवरून ती वाचता येते. उंदीर हा भक्ष्य होणारा प्राणी असल्याने दुखणे लपविणे हा त्याचा स्वभाव आहे. न शिकलेल्या डोळ्यास तो स्वस्थ बसलेला दिसतो. शिकलेल्या डोळ्यास तो विव्हळताना दिसतो. म्हणून अशा प्रशिक्षणाची सक्ती असावी की नसावी, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. शील स्वेच्छेने घ्यावयाचे असते हे खरे. परंतु आमच्या ठिकाणी स्वेच्छा उत्पन्न होईपर्यंत पिंजऱ्यातील प्राण्याने वाट पाहावी, असे कोणी म्हणू नये.

प्रश्न सक्तीचा नाही. सक्तीने जे शिकविले जाते ते पुरेसे आहे काय, हा प्रश्न आहे.

विनयपिटकातील एकसष्टाव्या पाचित्तियाची उत्पत्तिकथा अभ्यासकांना परिचित आहे. आयुष्मान उदायी गृहस्थाश्रमात धनुर्धर होता. त्याला कावळे आवडत नसत. त्याने बाणांनी कावळे मारले आणि त्यांची डोकी छाटून शुळांवर लावून ठेवली. भिक्षूंनी विचारणा केली तेव्हा त्याने सरळ सांगितले, की आपणच मारले, कारण आपल्याला ते आवडत नाहीत. त्यावर तथागतांनी जाणूनबुजून प्राण्याचा जीव घेण्यास आपत्ती ठरविणारे शिक्षापद घालून दिले. या कथेत उदायीचे कसब निर्विवाद आहे. आजच्या अभ्यासक्रमाच्या भाषेत बोलावयाचे तर 'प्राणी मारणे' या चौथ्या कामासाठी तो उत्तम पात्र उमेदवार होता. आणि नेमक्या त्याच माणसास शिक्षापदाची गरज पडली! याचा अर्थ कौशल्य आणि शिक्षा या दोन भिन्न वस्तू आहेत. कौशल्य हातात येते. शिक्षा चित्तात उतरावी लागते. अट्ठकथाकारांनी प्राणातिपाताची जी पाच अंगे सांगितली आहेत, त्यांत प्राणी असणे, तो प्राणी आहे याची जाणीव असणे, वधक चित्त, प्रयत्न आणि त्यातून मरण ही येतात. प्रशिक्षणाचा रोख बहुतांशी चौथ्या अंगावर, म्हणजे प्रयत्नाच्या रीतीवर आहे. तिसऱ्या अंगाला तो क्वचित स्पर्श करतो.

'कुसल' या पालि शब्दाचा इतिहास येथे मार्गदर्शक आहे. पालित कुसल म्हणजे निपुण, आणि कुसल म्हणजे लोभ-द्वेष-मोहरहित असे हितकर कर्मही. दोन्ही अर्थ एका शब्दात नांदतात. मराठीत आपण 'कुशल कारागीर' म्हणताना पहिला अर्थ ठेवला आणि दुसरा हरवून बसलो. प्राण्यांविषयीच्या प्रशिक्षणाचीही गत अशीच झाली आहे. ते मनुष्याला पहिल्या अर्थाने कुशल करते आणि दुसऱ्या अर्थाचे काम एका व्याख्यानावर सोपवते.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे प्राप्त आहे. बौद्धांना पूर्ण अहिंसा मान्य असेल तर प्रशिक्षणाच्या गुणदोषांची चर्चा कशास, प्रयोगच नाकारावेत, असे कोणी म्हणेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या प्रश्नाची जी उकल केली आहे, ती आम्हांस निर्णायक वाटते. बुद्धांनी अहिंसा हा नियम म्हणून नव्हे, तर तत्त्व म्हणून सांगितली, असे ते दाखवून देतात. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व त्याला विचार करण्यास मोकळे ठेवते आणि म्हणूनच जबाबदार धरते. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत त्यांनी केलेला भेदही वाचकांच्या स्मरणात असेल. स्वतः तथागतांनी मनुष्यवध आणि प्राणिवध यांना विनयात एका पातळीवर ठेवलेले नाही. मनुष्यवधाने भिक्षू संघातून कायमचा जातो. प्राणिवधाची आपत्ती देशनेने शुद्ध होते. म्हणून रोग्याचा जीव वाचविणाऱ्या संशोधनास सरसकट पाप म्हणणे हे धम्माचे नव्हे, तर आंधळ्या कर्मकांडी अहिंसेचे लक्षण होय. अशा अहिंसेचा आपल्या समाजास पुरेपूर अनुभव आहे. ती मुंगीला साखर घाली आणि माणसाला पाणी नाकारी.

परंतु 'गरज' हा शब्द उच्चारताच आपली सुटका होत नाही. उलट तेथूनच जबाबदारी सुरू होते. गरज आहे हे कोणी ठरविले? कशावरून ठरविले? दुसरा मार्ग शोधला काय? आपल्या देशातील १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने या बाबतीत पुष्कळ चांगली तत्त्वे सांगितली आहेत. नवे ज्ञान, जीवरक्षण, दुःखनिवारण किंवा रोगप्रतिकार यांसाठीचे प्रयोग त्याने बेकायदेशीर मानले नाहीत. परंतु पुस्तके, नमुने, चित्रपट यांनी काम भागत असेल तेथे शिक्षणासाठी प्रयोग टाळावेत, आणि केवळ हाताला सफाई यावी म्हणून शक्यतो प्रयोग करू नयेत, असेही सतराव्या कलमात नमूद आहे. याच विचाराच्या आधाराने विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली प्राणिशास्त्राच्या वर्गांतील विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली. २०२३ साली नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन प्राण्यांखेरीज इतर पद्धतींनी केलेल्या चाचण्यांसही मान्यता मिळाली. 'गरज' ही अशी काळाबरोबर आक्रसणारी गोष्ट आहे. काल जी होती ती आज असेलच असे नाही. प्रशिक्षणात दरवेळी हा प्रश्न नव्याने विचारावयास शिकविले पाहिजे; पण प्रमाणपत्र एकदाच मिळते, आणि ते मिळाले की प्रश्न विचारण्याची सवय सुटते.

त्याच सतराव्या कलमात मोठ्या प्राण्याऐवजी ससा, उंदीर, बेडूक अशा लहान प्राण्यांवर काम भागत असेल तर मोठा प्राणी टाळावा, असेही म्हटले आहे. अट्ठकथांतही लहान प्राण्याच्या वधापेक्षा मोठ्या प्राण्याच्या वधात दोष अधिक मानला आहे, म्हणून कोणी या कलमास आपल्या परंपरेचा दाखला देईल. तो दाखला अपुरा आहे. अट्ठकथेने दिलेले कारण प्रयत्नाच्या मोठेपणाचे आहे. लहान जीवाचे दुःख लहान असते, असे ते म्हणत नाही. एका श्वानाच्या जागी शंभर उंदीर ठेवल्याने करुणा वाढली, असे कोणत्या हिशेबाने म्हणावे? अमेरिकेच्या प्राणिकल्याण कायद्याने तर २००२ च्या दुरुस्तीने संशोधनासाठी पैदास केलेले उंदीर, घुशीच्या कुळातील पांढरे उंदीर आणि पक्षी यांना 'प्राणी' या व्याख्येतूनच वगळले. प्रयोगशाळांत ज्यांची संख्या सर्वांत मोठी, तेच कायद्याच्या दृष्टीने प्राणी नाहीत! ज्यांना गणतीतूनच वगळले गेले त्यांच्या वंशजांना या व्याख्येचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

आता आम्ही सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. चार कामांची युरोपीय विभागणी व्यवहारास सोयीची आहे. प्राथमिक नीतिविचार चारही प्रकारच्या कामगारांना शिकवावा, अशी तेथील प्रशिक्षणाची चौकट आहे, हेही स्तुत्य. परंतु नीतिविचाराचा वरचा टप्पा प्रयोग आखणाऱ्यासाठी राखून ठेवला आहे. निगा राखणारा आणि मारणारा यांना पहिल्या पायरीवरच थांबविले आहे. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेविषयी म्हटले होते, की ती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. येथे जात नसेल. परंतु विचार एकाचा आणि हात दुसऱ्याचा, ही रचना आमच्या ओळखीची आहे.

आपल्याकडे तर ती अधिकच ठळक होते. १९९८ च्या नियमांनी प्रयोगकर्त्याची पात्रता पदवी-पदविकेवर मोजली. संस्थात्मक प्राणी नीतिसमितीत वैज्ञानिक आहेत, पशुवैद्य आहे, प्राणिगृहाचा प्रमुख आहे, सामाजिक जाण असलेला एक अवैज्ञानिक सदस्यही आहे. पिंजरे धुणारा, दाणा-पाणी देणारा, मेलेला प्राणी उचलणारा माणूस मात्र त्या समितीत नाही. आमच्या विहारात वंदनेस येणारे एक वयस्क उपासक आयुष्यभर एका प्राणिगृहात राबले. ते आम्हांस म्हणाले, "कोणता ससा आज खाणार नाही, हे मला दारातूनच कळायचं. पण मला कुणी विचारलं नाही, आणि आपण होऊन सांगावं तर तुझं काम झाडण्याचं, असं उत्तर मिळायचं." प्राणी मारण्याचे काम मात्र वेळ पडल्यास त्यांच्याकडेच येई. म्हणजे आखणीचे श्रेय वर गेले, दोषाचा भार खाली उतरला. ज्यांना रक्त दिसत नाही ते स्वतःस शुद्ध मानतात आणि ज्याच्या हाताला रक्त लागते तो हीन ठरतो, ही या देशातील फार जुनी सोय आहे. शास्त्राच्या इमारतीत ती शिरू देता कामा नये.

मज्झिमनिकायातील कन्दरकसुत्तात पेस्स नावाचा एक तरुण भेटतो. तो माहुताचा मुलगा. हत्तींना शिकविणे हा त्याचा व्यवसाय. तो तथागतांना सांगतो, की पशू उघडे असतात, माणसे मात्र गुंतागुंतीची असतात. हत्ती आपले सारे कपट एका फेरीत दाखवितो, पण माणूस देहाने एक करतो, वाचेने दुसरे आणि मनात तिसरेच असते. तो निघून गेल्यावर तथागत भिक्षूंना म्हणतात, की हा पेस्स पंडित आहे, महाप्रज्ञावान आहे. येथे भगवंतांनी पांडित्याचा मान एका माहुताच्या मुलाला दिला, तो त्याच्या पदवीकडे पाहून नव्हे. पशू पेस्साला उघडा दिसला, कारण तो पशूच्या सहवासात वाढला. आमच्या वृद्ध उपासकांना दारातूनच सशाचे दुखणे कळे, ते याच न्यायाने. वेदना ओळखण्याच्या विषयाचा खरा शिक्षक पुष्कळदा पिंजऱ्याजवळच उभा असतो. अमेरिकेच्या नियमांत एक तरतूद आम्हांस अनुकरणीय वाटते. प्राण्यांच्या निगेतील उणिवा कशा कळवाव्यात, हे प्रशिक्षणातच शिकवावे आणि उणीव कळविणाऱ्या कोणत्याही कर्मचाऱ्यावर सूड उगविला जाऊ नये, असे ती सांगते. युरोपीय निर्देशातही प्राण्यांच्या काळजीची जबाबदारी असलेल्या व्यक्तीस संस्थेच्या कल्याणमंडळात स्थान आहे.

प्राण्यांची करुणा आणि श्रमिकाची प्रतिष्ठा या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, हे दीघनिकायातील कूटदन्तसुत्ताने फार पूर्वी सांगितले आहे. तथागतांनी वर्णिलेल्या आदर्श यज्ञात बैल, शेळ्या, मेंढ्या मारल्या गेल्या नाहीत, एवढेच सांगून सुत्त थांबत नाही. त्या यज्ञात दास व कामकरी दंडाच्या भयाने, डोळ्यांत आसवे आणून राबले नाहीत. ज्यांना करावयाचे होते त्यांनीच केले, हेही त्याच प्रसंगी सांगितले आहे. प्राण्याच्या मानेवरचा सुरा आणि कामकऱ्याच्या पाठीवरचा दंड तथागतांनी एकाच दृष्टिक्षेपात पाहिले. ज्या प्रशिक्षणात यांपैकी एकच दिसतो, ते अर्धेच प्रशिक्षण होय.

सम्राट अशोकाचा पहिला शिलालेख येथे आठवतो. ज्या शिलालेखमालेतील आठव्या व नवव्या लेखांचे तुकडे आपल्या सोपाऱ्यास सापडले, तिचाच हा प्रारंभ. राजाच्या पाकशाळेत पूर्वी रोज लक्षावधी प्राणी मारले जात. आता तीनच मारले जातात, दोन मोर आणि एक हरिण, तेही हरिण नेहमी नव्हे. पुढे हेही मारले जाणार नाहीत, असे तो सांगतो. यात आधुनिक त्रिसूत्री आधीच सांगून ठेवली आहे, असा दावा आम्ही करणार नाही. असे दावे आपल्या शास्त्राचेही नुकसान करतात आणि इतिहासाचेही. आम्हांस मोल वाटते ते त्याच्या हिशेबाचे. सत्ताधारी माणूस दगडावर कोरून कबूल करतो, की आपले काम अजून पुरे झालेले नाही. प्रमाणपत्र म्हणते, प्रशिक्षण पूर्ण झाले. शिलालेख म्हणतो, अजून तीन उरले आहेत.

आमच्या मते या अभ्यासक्रमात तीन सुधारणा व्हाव्यात. नीतीचा विचार आखणाऱ्यापासून झाडणाऱ्यापर्यंत सर्वांना सारख्याच खोलीने, त्यांच्या भाषेत, म्हणजे महाराष्ट्रात मराठीत शिकविला जावा. वेदना ओळखण्याच्या शिकवणीत प्राणिगृहातील अनुभवी कामगारास शिक्षक म्हणून बसविले जावे आणि नीतिसमितीत त्याला स्थान मिळावे. आणि प्रशिक्षण एकदाचे न राहता पुनःपुन्हा व्हावे. भिक्षुसंघ दर पंधरवड्याला पातिमोक्ख ऐकतो, तो नियम पाठ नसतात म्हणून नव्हे. आपत्ती उघड करण्याची सवय मोडू नये म्हणून.

त्या मुलीस आम्ही जे सांगितले ते असे : पहिले शील तू म्हणत राहा. ते 'मी निर्दोष आहे' असे प्रतिज्ञापत्र नव्हे. ते शिक्षापद आहे, शिकण्याचे पाऊल आहे, आणि ते रोज उचलावे लागते. पर्याय शोधल्याशिवाय प्राणी मागवू नकोस. जितके लागतील तितकेच मागव, आणि मागविलेल्यांचा हिशेब स्वतःच्या वहीत ठेव. भूल उतरली की वेदनाशामक देण्यास विसरू नकोस. मारण्याची वेळ आली तर ते काम दुसऱ्याच्या हाती सरकवू नकोस. जे तू आखलेस त्याला सामोरी जा. पिंजरे धुणाऱ्या काकांना रोज विचार, की आज कोणी खाल्ले नाही.

पुढच्या पौर्णिमेस ती पुन्हा आली. तिने वही आणली होती. पहिल्या पानावर तिने आपल्या मार्गदर्शकांना विचारलेला प्रश्न लिहिला होता : ठरलेल्या संख्येपेक्षा कमी प्राण्यांत ही चाचणी होईल काय? उत्तराची जागा अजून कोरी होती. प्रमाणपत्राहून ते कोरे पान आम्हांस अधिक आश्वासक वाटले.